चढावर हे पुढे, उतारावर मी

नवरा-बायकोने व्यायाम एकत्र करावा, असं आता सगळेच सांगतात. डॉक्टर सांगतात, रविवारच्या पुरवण्या सांगतात, बुटांच्या जाहिराती तर रोजच सांगतात. सल्ला चांगला आहे आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण सांगणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जे चित्र असतं, त्यात रस्ता असतो, झाडं असतात, दोन हसरी माणसं असतात. घर नसतं. पहाटे साडेपाचला दोघंही बाहेर पडली तर पाणी कोण भरणार, दूध कोण तापवणार, सासूबाईंचा पहिला चहा कोण करणार आणि आठच्या आत डबे कसे भरून होणार, याचा त्या चित्रात पत्ताच नसतो. माझ्या मते एकत्र व्यायामाचा प्रश्न रस्त्यावर सुटत नाही. तो आधी ओट्यापाशी सोडवावा लागतो.

आम्ही सातारकर. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला व्यायामाची जागा शोधत हिंडावं लागत नाही, ती खिडकीतून दिसते. शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये घेतलेला, १७०० मध्ये औरंगजेबाने वेढा घालून जिंकलेला, पुढे मराठ्यांनी परत मिळवलेला आणि १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक पाहिलेला हा किल्ला आज गावाचं रोजचं फिरायचं ठिकाण आहे. डांबरी सडक बरीच वरपर्यंत जाते, त्यामुळे बूटवाले, चपलावाले, काठीवाले, धावणारे असे सगळेच पहाटे या रस्त्याला लागतात. वर मंगळाई देवीचं दर्शन घ्यायचं, तटावर थोडं थांबायचं. पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर, पूर्वेला जरंडेश्वर, नैर्ऋत्येला सज्जनगड. रोज पाहूनही तिथे पाय थबकतात.

आमचं चालणं सुरू झालं ते यांच्या रक्तातली साखर वाढल्यामुळे. डॉक्टरांनी यांना समजावून सांगितलं की, स्नायू काम करू लागले की ते इन्सुलिनवर फारसं अवलंबून न राहता रक्तातली साखर ओढून घेतात. चालून आल्यावरही काही तास, कधी कधी दिवसभर, शरीर इन्सुलिनला चांगली दाद देतं. म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू द्यायचा नाही. आठवड्याला निदान १५० मिनिटं, आणि चालताना बोलता येईल पण गाता येणार नाही, इतका वेग हवा. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुम्हीही जा यांच्याबरोबर."

या एका वाक्यात आपल्या समाजाची सगळी रीत आहे. यांना व्यायाम सांगितला होता, मला सोबत सांगितली होती. माझी पन्नाशी जवळ आली होती, पाळी अनियमित झाली होती, जिना चढताना मांड्या भरून येत होत्या. पण माझं वय, माझी हाडं, माझं रक्त यांची चौकशी त्या दिवशी कुणी केली नाही. डॉक्टर भले गृहस्थ आहेत आणि त्यांनी मनापासूनच सांगितलं होतं. तरीही सोबतीला जाणारी बाई आणि व्यायामाला जाणारी बाई यांत मोठा फरक आहे. सोबतीला जाणारी बाई नवऱ्याला कंटाळा आला की घरी राहते, घरात पाहुणे आले की पहिली गळते, आणि नवऱ्याची साखर आटोक्यात आली की तिचं चालणंही संपतं. मी जायला लागले ती स्वतःसाठी, हे मी पहिल्याच आठवड्यात घरात स्पष्ट सांगितलं. त्यात रुसवा नव्हता, हिशेब होता.

हा हिशेब माझ्या एकटीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी केलेला जगभरातल्या हालचालींचा एक आढावा २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. त्यानुसार २०२२ मध्ये भारतातली जवळजवळ निम्मी प्रौढ माणसं पुरेशी हालचाल करत नव्हती. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होतं, बायकांमध्ये ५७ टक्के. "बायकांना कशाला वेगळा व्यायाम, घरात दिवसभर उठबस असतेच की," असं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की अशा पाहण्यांत घरकामही हालचालीत धरलेलं असतं. ते धरूनसुद्धा आकडा एवढा आहे. ओट्यापाशी तासन् तास उभं राहून पाय दुखतात, कंबर धरते, पण श्वास वाढत नाही. थकवा येतो आणि ताकद मात्र येत नाही. हे मी माझ्या आईत पाहिलं, मावशांत पाहिलं. त्यांच्याइतकं राबणारं कुणी नव्हतं, आणि साठीनंतर त्यांच्याइतक्या लवकर कुणी गुडघे धरून बसलंही नाही.

तर ओट्याची व्यवस्था. कणीक रात्रीच मळून ठेवायची. भाजी निवडून, चिरून डब्यात. डाळ-तांदूळ धुऊन कुकरची भांडी भरून ठेवायची, म्हणजे आल्या आल्या शिट्ट्या होतात. हे सगळं मी एकटीने केलं असतं तर माझा दिवस फक्त एक तास आधी सुरू झाला असता आणि रात्र एक तास उशिरा संपली असती. व्यायामाच्या नावाखाली झोप गमावणं हा काही व्यायाम नव्हे. म्हणून वाटणी झाली. रात्रीची भाजी यांच्याकडे, पहाटे पाणी भरणं यांच्याकडे, सासूबाईंचा चहा करून थर्मासमध्ये ठेवणं यांच्याकडे. सासूबाईंना ते सुरुवातीला रुचलं नाही. मुलाने आपल्यासाठी गॅस पेटवावा हे त्यांच्या वळणात बसत नव्हतं. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, नुसता चहा निम्मा ठेवला. काही दिवसांनी मात्र, "आलं जरा ठेचून घाल रे, किसून नको," अशी फर्माईश आली आणि तो विषय मिटला.

इंग्लंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या ३,७२२ जोडप्यांची माहिती वापरून केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. आधी व्यायाम न करणाऱ्या ज्या पुरुषांच्या बायका दरम्यान व्यायामाला लागल्या, त्यांतले ६७ टक्के स्वतःही लागले. ज्यांच्या बायका होत्या तशाच राहिल्या, त्यांच्यात हे प्रमाण २६ टक्के. बायकांचंही जवळपास तेच. त्याच्या कितीतरी आधी, १९९५ मध्ये, अमेरिकेतल्या एका व्यायामशाळेत वर्षभर केलेल्या छोट्या पाहणीत असं दिसलं की, एकेकट्याने नाव घातलेल्या विवाहित माणसांतली ४३ टक्के वर्षभरात गळाली, जोडीने आलेल्यांतली फक्त सहा. ही पाहणी मोजक्याच जोडप्यांची होती, तेव्हा तिच्यावर फार भार टाकू नये. पण निष्कर्ष अनुभवाला पटतो. मला त्याचं कारणही साधं वाटतं. एकट्या माणसाला सबब स्वतःलाच सांगायची असते आणि ती तो सहज मान्य करतो. जोडीतल्या माणसाला ती दारात बुटाच्या नाड्या बांधून उभ्या असलेल्या दुसऱ्याला सांगावी लागते.

आपल्याकडे अशी जोडी कधी नव्हती, हे मला या निमित्ताने जाणवलं. महाराष्ट्राला व्यायामाची परंपरा मोठी. गावोगाव तालमी होत्या, लाल माती होती, जोर-बैठका होत्या, मल्लखांब होता. औंध आमच्याच जिल्ह्यातलं. तिथल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, संस्थानच्या शाळांतून ते सुरू केले आणि त्यावर पुस्तकं लिहिली. दुसरीकडे बायकांची मंगळागौर. झिम्मा, फुगडी, पिंगा, रात्र रात्र चालणारे खेळ. तासभर फुगड्या घालून पाहिल्या म्हणजे त्यातला दम कळतो. पण तालमीत बाई नाही आणि मंगळागौरीत पुरुष नाही. माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते तेव्हा लोणंदला आम्ही दर्शनाला जातो. नवरा-बायको एकाच दिंडीत आळंदीहून पंढरपूरपर्यंत दोन-अडीचशे किलोमीटर चालतात, आणि तरी दिंडीच्या रांगांमध्ये टाळकरी पुढे, तुळशी डोक्यावर घेतलेल्या बायका मागे. मुक्कामालाच काय ती गाठ पडते. नवराबायकोने जोडीने करायची अंगमेहनत म्हटली तर जेजुरीच्या पायऱ्या आठवतात. लग्न झाल्यावर नवरा बायकोला उचलून घेऊन तिथल्या काही पायऱ्या चढतो. पण तीही त्याचीच मेहनत. ती फक्त ओझं.

अर्थात शेतात दोघं बरोबरीने राबत आली आहेत, भातलावणीला एका ओळीत वाकत आली आहेत. ते पोटासाठी. आपल्या शरीराची निगा राखायची म्हणून नवरा-बायकोने एकत्र घराबाहेर पडणं ही नवी गोष्ट आहे, आणि नव्या गोष्टीला लागणारा संकोच तिलाही होता. माझ्या लहानपणी रस्त्याने वडील पुढे आणि आई चार पावलं मागे असायची. वडील तापट नव्हते, आईला मान देत. पण शेजारी चालणं म्हणजे लोकांच्या डोळ्यांवर येणं होतं.

साताऱ्यात हा संकोच मोडायला हिल मॅरेथॉनची मोठी मदत झाली, असं मी नक्की म्हणेन. २०१२ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली. एकवीस किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढून जायचं आणि उतरून यायचं, तेही पावसाळी हवेत. गावातली माणसं दुतर्फा उभी राहून ढोल-ताशे वाजवत धावणाऱ्यांना हुरूप देतात. बाहेरगावची जोडपी एकमेकांना हाका मारत घाट चढताना आमच्या गल्लीतल्या बायकांनी पाहिली. त्यानंतर ट्रॅकपँट घालून नवऱ्याशेजारून चालणारी बाई ही बघत राहायची गोष्ट उरली नाही. सासूबाईंच्या मैत्रिणी आता त्यांना विचारतात, "सून अजून धावत नाही का गं?"

शेजारून चालणं मात्र बोलायला सोपं. दोन माणसांची चाल एक नसते. यांची उंची जास्त, ढांग लांब. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या एका अभ्यासात जोडप्यांचा वेग मोजला, तेव्हा एकट्याने चालताना असलेला वेग जोडीने चालताना कमी झाला आणि हात धरून चालताना आणखी कमी झाला. म्हणजे ज्या सोबतीमुळे माणूस रोज बाहेर पडतो, तिच्यामुळेच त्याचा व्यायाम थोडा पातळ होतो. हे ऐकून कुणी एकटं चालायला लागावं असं मी म्हणणार नाही. बाहेर पडणं वेगापेक्षा मोठं. पण याची तजवीज करावी लागते, नाहीतर एकाला रोज रखडल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्याला रोज फरफटल्यासारखं.

आमची तजवीज घड्याळावर चालते. सडक सुरू होते तिथून दोघांनी आपापल्या वेगाने चढायचं. ठरलेली वेळ झाली की जो जिथे असेल तिथून त्याने मागे फिरायचं. वेगाने जाणारा जास्त वर पोहोचलेला असतो, सावकाश जाणारा खाली असतो, आणि परतताना दोघंही जवळपास एकाच वेळी पायथ्याला येतात. श्वास दोघांचाही पुरेसा वाढलेला असतो. ज्या दिवशी वरपर्यंत जायचं असेल त्या दिवशी पुढे गेलेल्याने वळणावरून मागे यायचं आणि दुसऱ्याला गाठून पुन्हा चढायचं. थांबून राहायचं नाही. थांबून राहणारा माणूस मागच्याला नकळत हाकारत असतो.

आमच्याबरोबर पूर्वी एक जोडपं यायचं. गृहस्थ कॉलेजात असताना कबड्डी खेळलेले, अजूनही चपळ. ते वळणावर उभे राहून वरून ओरडायचे, "अगं, हात हलव! पाठ ताठ ठेव! एवढ्यात दमलीस?" सगळा सल्ला बरोबर होता. हात हलवायला हवे होते, पाठ ताठ हवी होती. वहिनी मान खाली घालून चढायच्या. पहिला पाऊस पडला त्या दिवशी त्यांनी पाय घसरण्याचं कारण सांगितलं आणि पावसाळा संपला तरी त्या परत आल्या नाहीत. पुढे काही दिवसांनी तेही येईनासे झाले. ज्या माणसाशी दिवसभरात पैशांवरून, मुलांवरून, भाजीतल्या मिठावरून बोलणं होणार असतं, त्याच्याकडून सकाळी सकाळी आपल्या शरीराबद्दलही ऐकून घ्यायचं, हे कुणालाही जड जातं. शिकवायचं असेल तर तिसरा माणूस बरा. तो शिकवून आपल्या घरी जातो.

चढावर हे पुढे असतात, हे ओघाने आलंच. उतारावर मी पुढे असते. यांचा उजवा गुडघा जुना दुखरा. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आवळून शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराला आवरून धरतो, पावलागणिक गचका अडवतो, आणि गुडघ्याच्या वाटीवर भार जास्त येतो. ज्याला चढताना काही होत नाही त्याला उतरताना कळ येते, ती यामुळे. त्यामुळे वर जाताना मला यांची पाठ दिसते आणि खाली येताना यांना माझी. सुरुवातीला हा नुसता योगायोग वाटला. पण जोडीने व्यायाम करण्याचा सगळ्यात मोठा उपयोग मला या पाठी बघण्यातच सापडला.

एका डिसेंबरातली गोष्ट सांगते. कडाक्याची थंडी होती, हातमोजे घातले होते. त्या दिवशी आम्ही बरोबरच चढत होतो. हे निवृत्तिवेतनाच्या एका अडलेल्या कागदाबद्दल सांगत होते. कारकून काय म्हणाला, मग हे काय म्हणाले, असं रंगात आलेलं बोलणं मधेच तुटलं. वाक्य अर्धं राहिलं. मी वाट पाहिली, पुढचं आलंच नाही. "अहो, काय झालं?" "काही नाही, चल," आवाज त्रासिक. पाहिलं तर त्या थंडीत कपाळावर घाम. कठड्यावर टेकवलेली बोटं थरथरत होती. मी खांद्याला धरून खाली बसवलं, कमरेच्या पिशवीतली साखरेची पुडी काढली, तीन चमचे असेल, बाटलीतल्या पाण्यात ढवळून पाजली. दहा-पंधरा मिनिटं तिथेच बसलो. हळूहळू डोळ्यांतलं धुकं गेलं. मग हे म्हणाले, "तर तो कारकून म्हणाला..."

रक्तातली साखर उतरली होती. मधुमेहाच्या सगळ्याच गोळ्यांनी असं होत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा होत नाही. पण ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्या चालू असतील किंवा इन्सुलिन असेल, आणि उपाशीपोटी चढ चढला, तर होऊ शकतं. डॉक्टरांनी गोळीची मात्रा बदलली, निघताना थोडं खाऊन जायला सांगितलं. तेव्हापासून एक केळं ठरलेलं आहे. साखरेची पुडी तर मी पहिल्यापासूनच ठेवत होते आणि मधुमेह असलेल्या कुणीही ती न घेता घराबाहेर पडू नये असं मी प्रत्येकाला सांगते. मला पुन्हा पुन्हा आठवतं ते तुटलेलं वाक्य. रस्त्यावर त्या वेळी ओळखीची चार माणसं होती. त्यांना हे नुसते दमलेले दिसले असते. हा माणूस वाक्य अर्धं सोडत नाही, वादात तर नाहीच नाही, हे माहीत असायला एका घरात वर्षं काढावी लागतात. घड्याळासारखी मनगटावर बांधायची यंत्रं आता नाडी मोजतात, पावलं मोजतात, झोपही मोजतात. ती उपयोगाची आहेत, यांच्याही हातात एक आहे. त्या यंत्राने त्या दिवशी फक्त वाढलेले ठोके दाखवले, आणि चढावर ते वाढतातच.

उलट बाजूनेही तसंच झालं. उतारावर मागून येणारे हे एकदा म्हणाले, "तू हल्ली थोडी पुढे झुकून चालतेस." मला पटलं नाही. आरशात माणूस स्वतःला नेहमी ताठ करूनच बघतो. यांनी मोबाइलवर मागून आणि बाजूने थोडं चित्रीकरण करून दाखवलं तेव्हा दिसलं. खांदे पुढे आले होते, मान आणखी पुढे. तपासणीत ड जीवनसत्त्व बरंच कमी निघालं आणि हाडांची घनता उतरणीला लागलेली. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत बाईच्या हाडांची घनता वीस टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. मी रोज चालत होते, दमसास चांगला होता, आणि त्या जोरावर सगळं ठीक आहे असं माझ्याइतकंच डॉक्टरांनाही वाटत होतं. नुसतं चालणं हाडांना आणि स्नायूंना पुरत नाही. त्यांना ओझं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही १५० मिनिटांच्या बरोबरीने आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितला आहे, आणि उतारवयातल्यांना तीन दिवस तोल सांभाळण्याचा. पण आपल्याकडे पहिलं अर्धं वाक्यच पोहोचलं आहे. "चाला" एवढंच.

आता आमच्या बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात डंबेल्स असतात. सोमवार आणि गुरुवार त्यांचे. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर, वाकून दोन्ही हातांनी वजन उचलणं, एका पायावर उभं राहणं. सुरुवातीला यांना हे माझ्यासाठी आहे असं वाटायचं. हे पेपर वाचत बसायचे आणि मी तोल जाऊन डगमगले की पेपरवरून नजर वर करायचे. मी सांगितलं की तिशीनंतर दर दशकात स्नायूंचा तीन ते आठ टक्के ऱ्हास होतो, साठीनंतर आणखी वेगाने, आणि जेवलेली साखर जाऊन मुरते ती बऱ्याच अंशी याच स्नायूंमध्ये. कोठार लहान झालं तर माल ठेवणार कुठे? साखरेशी जोडलेली गोष्ट यांना लगेच पटते. आता हे माझ्यापेक्षा जास्त वजन उचलतात. एका पायावर मात्र मी जास्त वेळ उभी राहते. सासूबाई शेजारच्या खुर्चीत बसून उठ-बस मोजतात, आणि कधी कधी खुर्चीचे हात धरून स्वतःही चार वेळा उठतात. ऐंशी ओलांडलेल्या बाईने कुणी न सांगता हे सुरू करावं, याचा मला फार आनंद आहे.

चालताना होणाऱ्या बोलण्याबद्दलही थोडं. घरात समोरासमोर बसून काढलेला विषय लगेच तापतो. नजरेला नजर असते, कुणीतरी उठून जातं. चालताना दोघांचीही नजर रस्त्यावर असते आणि चढावर लांब वाक्य बोलताच येत नाही, म्हणून जे म्हणायचं ते मोजक्या शब्दांत म्हणावं लागतं. मुलाने परदेशातच राहायचं ठरवलं, ते आम्ही दोघांनी पचवलं ते या सडकेवर. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं, गावाकडच्या जमिनीच्या वाटणीचं, मी स्वेच्छानिवृत्ती घ्यावी का याचं, सगळं इथेच. काही दिवस तर एक अक्षरही बोलणं होत नाही आणि ते दोघांनाही चालतं. घरात गप्प बसलं की "काय झालं?" असा प्रश्न येतो. गडावर येत नाही.

यंदापासून एक बदल झाला आहे. यांच्या गुडघ्याचा एक्स-रे पाहून डॉक्टरांनी उतार कमी करायला सांगितलं. उतार कमी म्हणजे चढही कमी, कारण वर गेलेल्याला खाली यावंच लागतं. हे फार नाराज झाले. मीही झाले. मी चढणं सोडून सपाटीवर यावं, असं यांनी सुचवलं नाही, आणि मी होऊन म्हणाले तेव्हा यांनीच ते मोडून काढलं. माझ्या हाडांना चढ हवा आहे आणि यांच्या गुडघ्याला सपाट जमीन. तेव्हा आठवड्यातले काही दिवस आम्ही एकत्र निघतो, पहिला फाटा येईपर्यंत बरोबर चालतो, मग हे शाहू स्टेडियमच्या मैदानाकडे वळतात आणि मी गडाकडे. साखरेची पुडी आता यांच्या खिशात असते, फोन चालू असतो, आणि पुडी खिशात आहे ना, हे मी वळण्याआधी विचारते.

काही ओळखीच्यांना वाटतं, आता यांचं एकत्र चालणं संपलं. मला तसं अजिबात वाटत नाही. आदल्या रात्रीची भाजी अजून हेच चिरतात. मी वर किती वेळात पोहोचले, हे मी सांगितल्याशिवाय यांना चैन पडत नाही, आणि मैदानावर किती फेऱ्या झाल्या ते ऐकल्याशिवाय मला. गडावरची रोजची मंडळी मात्र अजून विचारतात, "मॅडम, सर कुठे?" मी सांगते, "खाली मैदानावर आहेत, त्यांच्या फेऱ्या चालू आहेत. रविवारी तुम्हीही तिकडे या, गप्पा होतील."